विजेच्या छोट्या पिकअपमागे नाश्त्याची ट्रॉली : ओढेल, पण थांबेल का?

पोहेवाला_हिंगणा

एक टन वर्गातला विजेवरचा छोटा पिकअप आहे, बॅटरी २१ किलोवॅट-तासांच्या आसपास. त्याच्यामागे एका एक्सलची नाश्त्याची ट्रॉली लावायची आहे. मापं अशी :

हौदा १० फूट बाय ५ फूट, छत ६ फूट, चारही बाजू बंद. रिकामं वजन अंदाजे ४२० किलो. वर तर्री-पोह्यांची भट्टी, तवा, भांडी मिळून ११० किलो, व्यावसायिक गॅसच्या २ टाक्या ७० किलो, पाणी १०० लिटर. म्हणजे एकूण ७०० किलो.

रोज पहाटे हिंगणा एमआयडीसी, दुपारी परत. जाऊन-येऊन ४० किलोमीटरच्या आत. नवरात्रात कोराडी, कधीमधी रामटेक, काटोल. वेग ४०-४५ च्या वर नेणार नाही.

प्रश्न तीन. रेंज किती घसरेल? हूक कुठे आणि कसा बसवायचा? ट्रॉलीला वेगळा ब्रेक लागतो का, की पिकअपचाच पुरतो? डिझेल घ्या म्हणून सांगू नका, गाडी आधीच दारात उभी आहे.

वॅटतास

रेंजचं आधी बोलतो, कारण त्याचीच सगळ्यांना धास्ती असते आणि तुमच्या बाबतीत तीच सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे.

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून लोक घाबरतात. तिथली फोर्ड एफ-१५० लाइटनिंग मोठ्या बॅटरीत १३१ किलोवॅट-तासांची, एकटी ५१५ किलोमीटर जाणारी, साडेचार टनांपर्यंत ओढणारी. मागे उंच कॅरव्हॅन लावून ती ११० च्या वेगाने नेली की रेंज निम्म्यावर येते. पण ती निम्मी होते ती मुख्यतः वाऱ्यामुळे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० वर जो विरोध आहे त्याच्या चौपट ८० वर.

तुमचा हिशेब घ्या. ७०० किलोच्या ट्रॉलीचा टायरचा विरोध, बरे टायर आणि नीट हवा असताना, साधारण ८० न्यूटन. मोटार-कंट्रोलरमधली गळती धरून किलोमीटरला २७ वॅट-तास. हवेसाठी ट्रॉलीने १ चौरस मीटर जादा अडथळा केला असं धरू (पिकअपच्या आडोशामुळे पूर्ण रुंदी मोजायची नाही) : ४० वर २३ वॅट-तास, ६० वर ५२, ८० वर ९३. सिग्नलला थांबून परत ४० गाठायला ७०० किलोला दर वेळी १२ वॅट-तास लागतात, त्यातले निम्मे रिजेनमध्ये (वेग कमी होताना मोटारच जनरेटर होऊन बॅटरीत वीज परत पाठवते) परत येतात असं समजा. किलोमीटरला दोन थांबे धरले तर तेही १२.

म्हणजे शहरात किलोमीटरला ६० वॅट-तास जादा. एकटा भरलेला पिकअप १५० खात असेल तर ट्रॉलीसकट २१०. बॅटरीतले १९ किलोवॅट-तास वापरले तर ९० किलोमीटर. तुम्हाला हवेत ४०. प्रश्न मिटला.

एक सूचना. टाटाची एस ईव्ही मे २०२२ मध्ये आली तेव्हा २१.३ किलोवॅट-तासांवर १५४ किलोमीटर असा कंपनीचा दावा होता. तो चाचणीच्या ठरावीक चक्रातला आकडा. या वर्गातली कुठलीही गाडी असो, कागदावरच्या रेंजमधून वजाबाकी करत बसू नका. आठवडाभर ट्रॉली न लावता मीटरवरचा किलोमीटरमागचा खर्च लिहून ठेवा आणि त्यात हे ६० मिळवा.

एमएच४९

रेंजच्या आधी कागद बघा भाऊ. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ट्रेलर हे स्वतंत्र वाहन धरलंय. त्याला वेगळी नोंदणी, वेगळा नंबर, वेगळा विमा. पिकअपच्या आरसीवर ट्रॉली आपोआप चढत नाही.

खरी अडचण नोंदणीला जाताना येते. केंद्रीय नियम १२६ प्रमाणे वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासलेला असावा लागतो. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याने ट्रॉली कितीही मजबूत केली, तरी तिचा मंजूर नमुना नसेल तर आरटीओच्या खिडकीवर गाडं अडतं. म्हणून चासिस मंजुरी असलेल्या ट्रेलर उत्पादकाकडून घ्या आणि फक्त वरचं किचन इथे बनवा. ऑर्डर देण्याआधी मंजुरीच्या प्रमाणपत्राची प्रत मागा, 'नंतर देतो' ऐकू नका.

दुसरं, पिकअपच्या पुस्तिकेत ओढायचं वजन किती दिलंय ते पाहा. दिलेलंच नसेल तर ते शून्य समजा आणि कंपनीकडून लेखी घ्या. शोरूममधला 'लावा ना साहेब, काही होत नाही' म्हणतो ते अपघातानंतर विमा सर्वेक्षकाला सांगून पाहा. हूक बसवणं हा गाडीतला बदल आहे, कलम ५२ लागू होतं.

ओव्हरलोडचा दंड कलम १९४ खाली २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. परवान्याचं म्हणाल तर ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय. तिथे अडचण नाही.

संत्राकाटा

एवढा कुटाणा कशाला? किचन पिकअपच्या हौद्यावरच बांधा. एकच गाडी, एकच विमा, हूक नाही, ब्रेक नाही, रिव्हर्स घेताना घाम नाही.

पोहेवाला_हिंगणा

मग गाडी सकाळभर अडकून पडते. ट्रॉली उभी केली की पिकअप मोकळा : कॉटन मार्केटमधून भाजी, कळमन्यातून कांदा-बटाटा, दुपारी दुसऱ्याचं भाडं. गाडीचा हप्ता त्याच्यावर निघतो.

संत्राकाटा

हे मान्य. मग ट्रॉलीच.

लोखंडी

हूक आणि ट्रॉलीच्या सांगाड्याचं मी सांगतो.

ट्रॅक्टरचा पिन-हूक लावू नका. त्यात पिन आणि डोळ्यामध्ये जागा असते. प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर सोडा-दाबा केलं की धाडधाड धक्का बसतो, आणि विजेच्या मोटारीला शून्यावरच पूर्ण टॉर्क असल्यामुळे तो धक्का डिझेलपेक्षा जोरात. ५० मिलिमीटरचा बॉल आणि त्यावर बसणारा कुलूपवाला कपलर घ्या. गाडी भरलेली असताना बॉलचा मध्य जमिनीपासून ३५ ते ४२ सेंटिमीटर. ट्रॉली जोडल्यावर तिचा हौदा लेव्हलमध्ये दिसला पाहिजे, नाक वर नको.

ब्रॅकेट चासिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांना धरलं पाहिजे. मागच्या बंपरला किंवा शेवटच्या आडव्या पट्टीला नाही, ती पट्टी ओढायला केलेली नसते. एम१२ चे ८.८ ग्रेडचे बोल्ट, बाजूला चार, टॉर्क ८० न्यूटन-मीटरच्या आसपास, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप ढिला न होणारा). पट्टी बंद पेटीची असेल तर आत पाइपचा तुकडा घाला, नाहीतर बोल्ट कसताना पेटी चेपते आणि महिन्याभरात बोल्ट ढिले.

पिकअपच्या चासिसवर वेल्डिंग करायचं नाही. वेल्डिंगचा करंट परतीची वाट शोधत कंट्रोलर आणि बॅटरीच्या बीएमएसमधून (बॅटरी सांभाळणारं सर्किट) जाऊ शकतो. ड्रिल मारतानाही पलीकडे काय आहे ते बघून. नारिंगी केबल म्हणजे मोठ्या बॅटरीची जादा व्होल्टची लाइन, ती दिसली की हात मागे.

आता एक्सलची जागा, कारण सगळा खेळ इथे आहे. १० फुटांचा हौदा म्हणजे ३.०५ मीटर. एक्सल बरोबर मध्यावर ठेवला तर भट्टी थोडी मागे सरकली तरी नाक उचललं जातं. एक्सल हौद्याच्या पुढच्या कडेपासून १.८० मीटरवर ठेवा. पुढे ए आकाराचा दांडा १.१० मीटर. म्हणजे बॉल ते एक्सल २.९० मीटर.

बॉलवर वजन हवं ६० किलोच्या आसपास, एकूण वजनाच्या ८-९ टक्के. त्यासाठी भरलेल्या ट्रॉलीचा गुरुत्वमध्य एक्सलच्या २५ सेंटिमीटर पुढे यायला हवा. पाण्याची टाकी बरोबर एक्सलवर, भट्टी एक्सलच्या लगेच पुढे, गॅस दांड्याकडच्या जाळीच्या कप्प्यात उभा आणि पट्ट्याने बांधलेला. मागच्या भिंतीला फक्त हलकं सामान.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. ट्रॉली सपाट जागी पूर्ण भरा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, घरचा वजनकाटा कपलरखाली ठेवून त्यावर बॉलच्या उंचीचा लाकडाचा ओंडका उभा करा आणि कपलर त्यावर टेकवा. काटा दाखवील तेच नाकावरचं वजन. ४० च्या खाली आलं तर सामान पुढे सरकवा, ८० च्या वर गेलं तर मागे.

वॅटतास

त्या ६० किलोंचं पुढे काय होतं तेही लिहितो. पिकअपचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) २.१ मीटर आणि बॉल मागच्या एक्सलच्या ०.९ मीटर मागे धरला, तर मागच्या एक्सलवर ६० नाही, ८६ किलो वाढतात आणि पुढच्यावरचे २६ कमी होतात. म्हणजे हौद्यात पूर्ण माल भरून वर ट्रॉली लावली की मागचा एक्सल नक्की ओव्हरलोड. ट्रॉली असेल त्या दिवशी हौद्यातलं वजन १०० किलोने कमी ठेवा, आणि जे आहे ते केबिनला चिकटवून.

मामा_मेकॅनिक

आता ब्रेक. ह्याच्यावर कोणी बोलून नाही राहिलं, सगळे ओढायचंच बोलून राहिले.

युरोपात बिनब्रेकच्या ट्रॉलीला ७५० किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मे, यातलं जे कमी तेवढीच सूट असते. तुमचा पिकअप रिकामा १२०० धरला तर निम्मे झाले ६००. ट्रॉली ७०० ची. म्हणजे ब्रेक पाहिजेच.

हिशेबानं पाहा. २१०० किलोचा भरलेला पिकअप ४० वरून १२ मीटरमध्ये थांबत असेल, तर ब्रेकची ताकद तेवढीच ठेवून मागे ७०० किलो लावल्यावर १६ मीटर लागतात. ते ४ मीटर म्हणजे पुढची आख्खी ई-रिक्षा.

घ्यायचा तो ओव्हररन ब्रेक. कपलरच्या मागे सरकणारा दांडा असतो. पिकअप हळू झाला की ट्रॉली त्याला ढकलते, दांडा आत सरकतो, केबल ओढली जाते, ट्रॉलीच्या ड्रममधले शू लागतात. वीज नको, व्हॅक्यूम नको. वायरचं सर्किट पिकअपच्या ब्रेकमध्ये घुसवायची गरज नाही.

पण विजेच्या गाडीमागे त्याची एक भानगड आहे. ॲक्सिलरेटर सोडला की रिजेन लागतं, पिकअप हळू होतो, ट्रॉली ढकलते आणि तिचे शू लागतात. जी ऊर्जा बॅटरीत जायची ती ट्रॉलीच्या ड्रममध्ये तापून जाते, शू पण लवकर झिजतात. उपाय सोपा. रिजेनची पातळी बदलता येत असेल तर ट्रॉली लावल्यावर सगळ्यात खालची ठेवा आणि पाय हळूहळू उचला. ड्रम दर महिन्याला हात लावून पाहा. दोन्हीकडे सारखा गरम पाहिजे. एकच गरम म्हणजे केबल अडकली.

पावसात तर हे अजून महत्त्वाचं. रिजेन फक्त मागच्या चाकांवर लागतं. ओला रस्ता, मागून ७०० किलोचा रेटा, आणि तुम्ही पाय झटकन उचलला, की मागची चाकं सरकतात आणि ट्रॉली बाजूनं पुढे येते. उड्डाणपुलाच्या उतारावरच्या वळणावर हेच होतं.

आणि बॅटरी १०० टक्के भरून पहाटे निघालात तर सुरुवातीला रिजेन लागतच नाही, वीज घ्यायला जागा नसते. रोज एका ठिकाणी रिजेननं गाडी हळू होते म्हणून सवय झाली असेल, तर त्या दिवशी होणार नाही. पायाचा ब्रेक चालवा.

एमएच४९

रिजेनवर ब्रेक लाइट लागते का तेही तपासा. सगळ्या गाड्यांत लागत नाही. मागच्याला कळत नाही आणि तो तुमच्या पोह्यांत घुसतो.

मामा_मेकॅनिक

बरोबर. रात्री भिंतीसमोर चालवून पाहिलं की उजेड पडतो की नाही समजते.

वॅटतास

लाइटच्या वायरिंगबद्दल. पिकअपच्या मागच्या लाइटच्या वायरला सरळ जोड मारू नका. ट्रॉलीचे ब्रेकचे दोन २१ वॅटचे बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर जादा, आणि गाडीचा कंट्रोलर ते बिघाड समजून लाइन बंद करू शकतो. रिले बॉक्स लावा. गाडीच्या वायरवरून फक्त इशारा घ्यायचा, बल्बचा करंट १२ व्होल्टच्या बॅटरीवरून १५ अँपिअरचा फ्यूज टाकून वेगळा आणायचा. बल्बऐवजी एलईडी घेतले तर अजून बरं.

७ पिनच्या सॉकेटची मांडणी ठरलेली आहे, मनाने जोडू नका : १ पिवळी डावा इंडिकेटर, २ निळी मागचा फॉग, ३ पांढरी अर्थिंग, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेल, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा टेल. निम्म्या तक्रारी ३ नंबरच्याच असतात. अर्थिंग ढिलं झालं की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो. बॉलमधून अर्थिंग मिळतं या भरवशावर राहू नका, ग्रीस लावलेला बॉल वीज नीट नेत नाही.

ट्रॉलीतले दिवे, पंखा पिकअपच्या १२ व्होल्टवर चालवू नका. ती बॅटरी लहान असते आणि गाडी चालू नसताना भरत नाही. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. ट्रॉलीला स्वतःची १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी द्या, १.२८ किलोवॅट-तास. १०० वॅटचा भार ८ तास चालवला तर ०.८ खर्च होतात.

संत्राकाटा

छिंदवाड्याला एखादं लग्नाचं काम आलं तर जमेल का? सिल्लेवानी घाटाचा प्रश्न आहे.

वॅटतास

जमण्याच्या काठावर आहे. नागपूर ३१० मीटरवर, छिंदवाडा ६७० च्या आसपास. पिकअप-ट्रॉली मिळून २८०० किलो ३६० मीटर उचलायला पावणेतीन किलोवॅट-तास, गळती धरून सव्वातीन. अंतर १२५ किलोमीटर, किलोमीटरला २१० धरले तर २६. बॅटरी २१ ची. ट्रॉली घेऊन एका दमात पोचत नाही. सावनेर किंवा सौंसरला थांबून चार्ज करावं लागेल, तेही घाटाच्या आधी.

घाटातली अडचण वेगळी. ८ टक्के चढावर २८०० किलोला साधारण २५०० न्यूटन लागतात. टॉर्क पुरतो, गाडी उचलते. पण तोच चढ ३० च्या वेगाने घेतला तर चाकावर २१ किलोवॅट, आणि एस ईव्हीसारख्या गाडीची मोटार कमाल २७ ची. कमाल ताकद ही थोड्या वेळाची असते. मे महिन्यात नागपूरचं तापमान ४५ असताना ती मोटार आणि कंट्रोलर तापून ताकद कापतात. तोच चढ १५ ने घेतला तर साडेदहा किलोवॅट. हळू चढा, मागच्यांचे हॉर्न ऐका.

मामा_मेकॅनिक

आणि गाडी घाटात बंद पडली तर टोचन लावून ओढायची नाही बाप्पा! डिझेलसारखं न्यूट्रल टाकून ओढायचं इथं चालत नाही. चाकं मोटारीला कायम जोडलेली. चाकं फिरली की मोटार जनरेटर होते, आतला कंट्रोलर जळू शकतो. ट्रॉली सोडा, मागची चाकं उचला नाहीतर पूर्ण गाडी सपाट ट्रकवर चढवा.

पोहेवाला_हिंगणा

सगळ्यांचे आभार. चार्जिंगचं राहिलं. घरी १५ अँपिअरचा पॉइंट आहे. बाहेरच्या स्टेशनवर ट्रॉलीसकट गाडी कशी लावायची?

एमएच४९

लावायचीच नाही. बहुतेक जागी गाडी नाक आत घालून लावायची सोय असते, ट्रॉली रस्त्यावर येते आणि दुसऱ्याची वाट अडते. कडेला ट्रॉली सोडा, ठोकळे लावा, कपलरला कुलूप, मग पिकअप एकटा नेऊन लावा. सोडायला-जोडायला दांड्याला उंचावता येणारं छोटं टेकूचं चाक, म्हणजे जॉकी व्हील, हवंच.

वॅटतास

घरच्या पॉइंटला ३ कोअर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० मीटरच्या वर अंतर असेल तर ४ ची. अर्थिंग तपासा, ते कच्चं असेल तर चार्जर सुरूच होत नाही आणि लोक गाडीला दोष देतात. उन्हाळ्यात दुपारी येऊन लगेच लावू नका, तापलेली बॅटरी चार्जिंग हळू घेते. संध्याकाळी सावलीत थंड होऊ द्या, रात्री लावा. पहाटे तयार.

पोहेवाला_हिंगणा

मग ऑर्डर अशी देतो : मंजूर चासिस, एक्सल १.८० वर, ओव्हररन ब्रेक, ५० चा बॉल, १५५/८० आर १३ टायर ७९ लोड इंडेक्सचे, ७ पिन रिलेसकट, जॉकी व्हील, दोन साखळ्या. काही सुटलं?

लोखंडी

टायर ठीक. ७९ म्हणजे एका टायरला ४३७ किलो, दोन मिळून ८७४. तुमचं ७००, त्यातले ६० बॉलवर. पुरेसं.

ओव्हररन ब्रेकला तुटीची दोरी वेगळी मागा. बारीक स्टीलची, एक टोक ब्रेकच्या दांड्याला, दुसरं पिकअपच्या चासिसला, बॉलला नाही. कपलर सुटला तर ती ब्रेक ओढते आणि मग तुटते. साखळ्या दांड्याखाली एकमेकींवरून काटछेद घालून लावा, म्हणजे नाक जमिनीवर न आपटता त्यांच्यात पडतं. लांबी एवढी की पूर्ण वळणात ताणल्या जाणार नाहीत, पण रस्त्याला घासणारही नाहीत. रिव्हर्स घेताना ओव्हररन ब्रेक स्वतःच लागतो, म्हणून रिव्हर्सला आपोआप सुटणारे शू आहेत का ते विचारा. नसतील तर खाली उतरून खटका लावावा लागेल, आणि हिंगण्याच्या गल्लीत ते रोज दोनदा.

चाकाच्या बेअरिंगचा नट घट्ट कसून तसाच ठेवायचा नाही. चाक फिरवत कसा, मग एक षष्ठांश फेरा मागे, नवी कॉटर पिन. पहिल्या १०० किलोमीटरनंतर परत बघा आणि त्याच वेळी ब्रॅकेटचे आठही बोल्ट टॉर्क रेंचने तपासा.

मामा_मेकॅनिक

गॅसचा रेग्युलेटर काढूनच निघा. नुसता नॉब बंद करून नाही.